देश निवडला, गाव कोणी निवडले?
बेने इस्रायलांच्या वस्तीचा एक अभ्यास

किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, अष्टमकर, नवगावकर. ही आडनावे ओळीने वाचली तर जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशा तयार होतो. यांपैकी काही आडनावे हिंदू कुटुंबांतही आहेत, पण इथे ती सगळी बेने इस्रायल घराण्यांची म्हणून घेतली आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, वाचलेल्या माणसांपासून आपली जमात वाढली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी गावात 'शनवार तेली' म्हणून ओळखली जात. गाव हीच त्यांची ओळख झाली आणि ती आडनावात कायम राहिली.

१९४८ नंतर या समाजातली बहुसंख्य माणसे इस्रायलला गेली. त्या वेळी भारतात बेने इस्रायलांची संख्या सुमारे वीस हजार होती. २०११च्या जनगणनेत सगळ्या ज्यू गटांची मिळून भारतातली संख्या पाच हजारांच्या आत भरली. म्हणजे दोन पिढ्यांत एक मराठी भाषक समाज जवळजवळ सगळाच्या सगळा दुसऱ्या देशात वसला. या स्थलांतराविषयी लिहिताना ते का गेले, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तिथे गेल्यावर ते नेमके कुठे राहिले आणि ते 'कुठे' कोणी ठरवले, हा प्रश्न त्यामानाने मागे पडतो. वस्तुतः रोजच्या आयुष्याला देशापेक्षा गावच जास्त आकार देते. नोकरी, मुलांची शाळा, शेजार, घराची किंमत, प्रार्थनेला जमणारी माणसे, लग्नाच्या सोयरिकी, हे सगळे गावावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हाच दुसरा प्रश्न घेतला आहे.

पहिले स्थलांतर : कोकणातून मुंबई

तुलनेसाठी आधी या समाजाचे पहिले मोठे स्थलांतर पाहिले पाहिजे. अठराव्या शतकात बेने इस्रायल कुटुंबे कोकणातून मुंबईला येऊ लागली. कंपनीच्या फौजेत शिपाईगिरी, गोदी, बांधकाम, पुढे रेल्वे, टपाल, जकात आणि सरकारी कचेऱ्या अशी त्यांची कामे होती. फौजेतल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. त्या रस्त्याला आजही सॅम्युअल स्ट्रीट म्हणतात आणि जवळच्या स्थानकाला मशीद बंदर हे नाव त्या प्रार्थनामंदिरावरून पडले, असे मानणारे बरेच आहेत. पुढे हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८७५मध्ये शाळा सुरू केली. माझगावातली सर एली कदूरी शाळा ती हीच.

या स्थलांतराची रीत आपल्या ओळखीची आहे. आधी एक माणूस जातो, काम मिळवतो, खोली घेतो. मग भाऊ येतो, मेहुणा येतो, बायकामुले येतात. पुरेशी घरे झाली की प्रार्थनास्थळ उभे राहते, मग शाळा. ठाणे, पुणे, अहमदाबाद, कराची इथल्या वस्त्या अशाच वाढल्या. कोणत्याही कचेरीने त्यांना तिथे पाठवले नव्हते आणि नाही जमले तर पेणला किंवा रोह्याला परत जायला वाट मोकळी होती. कोकणातले घर मागे शिल्लक असणे हा या निवडीचा सर्वांत मोठा आधार होता.

इस्रायलकडे जाताना हे दोन्ही आधार सुटले.

नकाशा आधी, माणसे नंतर

इस्रायल हा देश सुमारे बावीस हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोकण विभागाहूनही लहान. १९४८च्या मे महिन्यात राज्य स्थापन झाले तेव्हा तिथल्या ज्यू लोकसंख्येपैकी बहुतेक लोक तेल अवीव ते हैफा या किनारपट्टीत आणि जेरुसलेममध्ये राहत होते. दक्षिणेचा नेगेव्ह हा प्रदेश देशाच्या निम्म्याहून अधिक, पण तिथे ज्यू वस्ती तुरळक. पुढच्या साडेतीन वर्षांत सुमारे ६ लाख ८७ हजार स्थलांतरित आले. मूळची ज्यू लोकसंख्या साडेसहा लाखांच्या घरात होती. म्हणजे १९५१ संपेपर्यंत ती दुप्पट झाली.

एवढ्या माणसांना ठेवायचे कुठे? प्रथम लष्करी छावण्या वापरल्या. १९५०पासून 'माबारा' नावाच्या संक्रमण वसाहती उभ्या राहिल्या. तंबू, पत्र्याच्या नाहीतर कापडी भिंतींच्या खोल्या, सार्वजनिक नळ. दोन लाखांहून अधिक लोक त्यांत राहिले. रेशनिंग होतेच. त्याच सुमारास पंतप्रधानांच्या कार्यालयातील नियोजन खात्याचे प्रमुख आरिए शरोन यांनी देशाचा आराखडा तयार केला. शरोन हे जर्मनीतल्या बाउहाउस या प्रसिद्ध शिल्पशाळेत शिकलेले वास्तुविशारद. त्यांनी देशाचे चोवीस विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात एक मध्यम आकाराचे शहर असावे अशी मांडणी केली. किनाऱ्यावरची गर्दी कमी करायची, शेतीच्या प्रदेशाला बाजारपेठ द्यायची आणि सरहद्दीवर वस्ती उभी करायची, असे तिहेरी उद्दिष्ट होते. पुढच्या दीड दशकात या विचारातून तीसच्या आसपास 'विकसनशील शहरे' वसली किंवा जुन्या गावांना तो दर्जा मिळाला. येरुहाम १९५१, दिमोना १९५५, अश्दोद १९५६ ही त्यांतली नावे.

जुन्या गावांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लोद आणि बीरशेबा ही रिकामी गावे नव्हती. १९४८च्या युद्धात लोदमधल्या बहुतेक अरब रहिवाशांना हाकलून देण्यात आले. बीरशेबाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लढाईत पडले आणि तिथले अरब रहिवासी गेले. नव्या स्थलांतरितांना सुरुवातीला ज्या दगडी घरांत जागा मिळाली, त्यांतली कित्येक अशा विस्थापितांची होती. स्थलांतरिताला 'मिळालेली' जागा कोणाची तरी गेलेली जागा असू शकते, हे या अभ्यासात विसरून चालत नाही.

आराखडा कागदावर नीटस होता. अडचण एवढीच की त्यात माणसे नंतर भरायची होती. जे आधीच तेल अवीवला घर करून होते ते वाळवंटात जाण्याची शक्यता कमी. ज्यांच्यापाशी पैसा, ओळखी किंवा युरोपीय भाषा होत्या तेही माबारातून लवकर बाहेर पडले. उरले ते आशिया-आफ्रिकेतून आलेले. १९५४मध्ये 'जहाजावरून थेट वस्तीत' हे धोरण आले. बंदरात उतरलेल्या कुटुंबाला ट्रकमध्ये बसवून ठरलेल्या गावी न्यायचे. घर आणि काम त्या गावाशीच बांधलेले, म्हणून तिथून निघून गेले की दोन्हींवर पाणी सोडावे लागे. मोरोक्कोतून आलेल्यांना असे नेगेव्हमध्ये नेले गेले. १९५६-५७मध्ये पोलंडहून आलेल्यांना मात्र घरे देताना बऱ्याचदा मध्य प्रदेशात, शहरांजवळ प्राधान्य मिळाले. येरुहामचे दिग्दर्शक डेव्हिड डेरी यांनी २०१७च्या आपल्या माहितीपटात त्या काळची सरकारी कागदपत्रे पुढे आणली, तेव्हा साठ वर्षांनंतरही इस्रायलमध्ये मोठा वाद झाला.

बीरशेबा, १९५१

बेने इस्रायलांचा पहिला कडवट अनुभव बीरशेबाचा. नेगेव्हच्या तोंडाशी असलेल्या या गावात वर्षाला सुमारे दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. अलिबागला तो दोन हजारांच्या वर असतो. मुंबईत कचेरीत किंवा कारखान्यात काम केलेल्या माणसाला इथे रस्त्याचे, झाडे लावण्याचे, दगड फोडण्याचे रोजंदारीचे काम मिळे. मराठी आणि इंग्रजी येत होती, हिब्रू प्रार्थनेपुरती. कातडीचा रंग, जेवण, उच्चार यांवरून वेगळी वागणूक मिळते, अशी तक्रार सुरू झाली. रेशनवर पांढरा पाव इतरांना आणि काळा पाव आम्हाला, का तर आम्ही काळे, असे आंदोलकांचे म्हणणे होते.

१९५१च्या अखेरीस बीरशेबातून आलेल्या सुमारे दीडशे बेने इस्रायलांनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या कचेरीसमोर धरणे धरले. मागणी एकच : आम्हाला भारतात परत पाठवा. पोलिसी बळाचा वापर झाला, पण धरणे मोडले नाही. शेवटी १९५२मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानाने भारतात परत पाठवण्यात आले. नव्या राष्ट्राच्या दृष्टीने ही मोठी नामुष्की होती. पुढची गोष्ट तितकीच बोलकी आहे. परत गेलेल्यांपैकी अनेकांनी काही काळाने पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा दाखवली.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असे वाटते, पण तसे नाही. या लोकांचा राग देशावर होता की जागेवर, हे त्यांनाही तेव्हा वेगळे करता आले नसावे. ज्याला गाव बदलता येत नाही तो देश बदलायला निघतो. मुंबईत राहून न जमलेला माणूस पुण्याला जाऊन पाहतो. बीरशेबातल्या माणसाला लोदला जाऊन पाहण्याची सोय नव्हती, म्हणून थेट मुंबईचे तिकीट मागावे लागले.

लोद आणि दिमोना

१९५०च्या आणि ६०च्या दशकांत बेने इस्रायल येतच राहिले. या काळात दोन गावांत त्यांच्या मोठ्या वस्त्या झाल्या. त्यांची तुलना उपयोगी आहे.

लोद तेल अवीवपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. रेल्वेचे जंक्शन आणि देशाच्या मुख्य विमानतळाचे गाव. १९५३मध्ये तिथे विमानदुरुस्तीचा सरकारी कारखाना निघाला आणि त्यातून पुढे विमान उद्योग वाढला. मुंबईत फिटर, टर्नर, मेकॅनिक म्हणून हात बसलेल्या माणसाला इथे भाषा कमी आली तरी काम येत होते. रेल्वे पाहिलेल्या समाजाला जंक्शनचे गाव परके नव्हते. लोद गरीबच होते, आजही त्याचे प्रश्न कठीण आहेत. पण तिथून बसने तेल अवीवला नोकरीसाठी जाता येत होते. मानवशास्त्रज्ञ शाल्वा वाइल यांनी १९७०च्या दशकात लोदच्या बेने इस्रायलांचा सखोल अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण असे की हा समाज तिथे विरघळून गेला नाही, आपली वेगळी ओळख त्याने टिकवली.

दिमोना नेगेव्हच्या आत, बीरशेबापासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर. मृत समुद्रावरच्या पोटॅश कारखान्याच्या कामगारांसाठी वसवलेले गाव. पहिली कुटुंबे मोरोक्कोची. पुढे कापडगिरण्या निघाल्या आणि जवळच अणुसंशोधन केंद्र झाले. गिरण्यांचे भोंगे आणि पाळ्या मुंबईकरांना नव्या नव्हत्या. इथे भारतीयांची संख्या इतकी वाढली की दिमोनाला 'छोटा भारत' म्हणू लागले. मसाल्याची दुकाने आली, हिंदी सिनेमे आले, क्रिकेट आले. इस्रायलची क्रिकेट संघटना १९६८मध्ये स्थापन झाली, तिच्या संघांत अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद इथल्या भारतीयांचा मोठा भरणा राहिला.

पण दिमोनाची अर्थव्यवस्था दोन-तीन कारखान्यांवर उभी होती. कापडधंद्याला उतरती कळा लागली तेव्हा गावात दुसरे काम थोडेच होते. गिरणगावातला कामगार १९८२च्या संपानंतर निदान त्याच शहरात फेरीवाला, रिक्षावाला, शिपाई होऊ शकला. एका धंद्याच्या गावात तेही कठीण. शिवाय घर विकून बाहेर पडावे तर वाळवंटातल्या घराच्या किमतीत तेल अवीवजवळ खोलीही येत नाही. सुरुवातीला स्वस्त किंवा सरकारी घर मिळते हे आकर्षण असते. वीस वर्षांनी तेच घर पायातली बेडी होते. वस्ती निवडताना आत शिरण्याच्या खर्चाकडे सगळे पाहतात, बाहेर पडण्याच्या खर्चाकडे फार थोडे.

कोचीनकरांचे वेगळे उदाहरण

याच काळात केरळातून कोचीनचे ज्यू इस्रायलला गेले, मुख्यतः १९५३ ते १९५५ या काळात. संख्येने ते बेने इस्रायलांपेक्षा पुष्कळ कमी. त्यांच्यातही हत्तीरोगाच्या शंकेवरून आधी अडवणूक झाली आणि गेल्यावर तेही ठरवलेल्या जागीच पाठवले गेले. नेगेव्हमधले नेवातिम, जेरुसलेमच्या डोंगराळ भागातले मेसिलात झियोन, उत्तर सरहद्दीवरचे क्फार युवाल ही त्यांची गावे. जागा त्यांनीही निवडली नव्हती आणि शेतीही त्यांना नवी होती.

तरी परिणाम निराळा झाला. कोचीनकर एकेका सिनेगॉगची सगळी मंडळी मिळून गेले आणि मोशाव म्हणजे सहकारी शेतीच्या गावात बरेचसे एकत्र राहिले. नेवातिममध्ये त्यांनी हरितगृहांत फुलशेती केली आणि फुले युरोपला निर्यात केली. जागा वाईट मिळाली तरी शेजार आपला मिळाला, हा त्यांच्या अनुभवातला महत्त्वाचा फरक. बेने इस्रायल मात्र कुटुंबाकुटुंबाने, वेगवेगळ्या वर्षी गेले आणि ज्या वर्षी जिथे घरे रिकामी होती तिथे विखुरले गेले.

दहा पुरुषांचे गणित

विखुरण्याचा तोटा ज्यू धर्मात अगदी आकड्यात मांडता येतो. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. मोरोक्कोच्या आणि पोलंडच्या शेजाऱ्यांबरोबर हे दहा भरतात, पण मग चाली त्यांच्या, उच्चार त्यांचे, हझ्झान त्यांचा. 'हद्दपारांचे मिश्रण' हे इस्रायलचे अधिकृत ध्येय होते. त्यात ज्याची संख्या कमी त्याचा सूर बुडतो. म्हणून एखाद्या गावात दहा बेने इस्रायल घरे जमली की पहिली धडपड स्वतःच्या सिनेगॉगची असे. ते झाले की दुसऱ्या गावांतले नातेवाईक बदली मागून, घर बदलून तिथे येऊ लागत. मलिद्याचा विधी हे याचे दुसरे उदाहरण. गुळ-खोबरे घातलेले पोहे आणि फळे ताटात ठेवून एलियाहू हनाबीचे स्मरण करायचे, ही खास कोकणी रीत. ती करायला आणि खायला आपली माणसे लागतात. कोकणात एलियाहूचे स्थान अलिबागजवळच्या खंडाळ्याला होते. इस्रायलमध्ये या समाजाने हैफाच्या कार्मेल डोंगरावरील एलियाहूच्या गुहेशी ते नाते जोडले.

एकत्र राहण्याचा राजकीय उपयोगही झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या कचेरीने बेने इस्रायलांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी लावली, तेव्हा हा समाज जेरुसलेममध्ये आंदोलनाला उतरला. ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यू आहेत असा ठराव केला आणि त्यानंतर रब्बींना माघार घ्यावी लागली. बीरशेबातल्या दीडशेंच्या मागे १९५१मध्ये कोणी नव्हते. १९६४मध्ये गावोगावच्या सिनेगॉगांची साखळी मागे होती. १९८०च्या दशकात 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघू शकले तेही अशा एकवटलेल्या वस्त्यांच्या बळावर.

हुकमाची जागा भाड्याने घेतली

१९९०मध्ये सोव्हिएत संघातून प्रचंड लाट आली. दहा वर्षांत दहा लाखांच्या जवळपास माणसे. या वेळी धोरण उलटे होते. स्थलांतरिताच्या हातात ठरावीक रक्कम द्यायची आणि कुठे राहायचे ते त्याने ठरवायचे. ट्रक नाही, ठरलेले गाव नाही.

यानंतरही कित्येक लोक अश्दोदला आणि बीरशेबालाच पोचले. कारण तिथे भाडे परवडत होते. पूर्वी जे काम अधिकाऱ्याच्या शिक्क्याने होई ते आता घरमालकाच्या दराने झाले. फरक मात्र खरा आहे. भाड्याने आलेला माणूस दोन वर्षांनी, हिब्रू आली आणि नोकरी लागली की दुसरीकडे जाऊ शकतो. आपण इथे टाकले गेलो ही भावना त्याला जन्मभर पोखरत नाही. सरकारलाही हे कळले आहे. आज नेगेव्ह आणि गॅलिलीतल्या गावांत लोकांनी राहावे म्हणून आयकरात सवलत देतात. हुकमाऐवजी आमिष आले.

आजच्या घरांत

ही कहाणी एका छोट्या समाजाची असली तरी तिच्यातला प्रश्न आज पुण्या-नाशिकच्या घराघरांत आहे. कॅनडात प्रांतांना स्वतःच्या गरजेप्रमाणे स्थलांतरित निवडण्याची योजना आहे. एखाद्या प्रांताच्या शिफारशीवर गेलेल्या कुटुंबाने त्या प्रांतात राहावे अशी अपेक्षा असते. कायम रहिवाशाला देशात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क मात्र कॅनडाची राज्यघटना देते. ऑस्ट्रेलियाने २०१९पासून मोठ्या शहरांबाहेरच्या प्रदेशासाठी वेगळा व्हिसा काढला. ठरलेल्या प्रदेशात तीन वर्षे राहून काम केले आणि इतर अटी पुऱ्या केल्या की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. रिकाम्या प्रदेशात नव्या माणसांना वसवण्याचा शरोन यांच्या आराखड्यातला हेतू इथेही आहे. अट मात्र आधी सांगितलेली आहे, लिहून दिलेली आहे आणि तिला मुदत आहे. बेने इस्रायलांना यांतले काहीच मिळाले नव्हते.

त्यांच्या सत्तर वर्षांच्या अनुभवातून मुला-मुलींना परदेशी पाठवणाऱ्या घरांनी काही प्रश्न उचलावेत असे वाटते. पगाराचा आकडा आणि घराचे भाडे सगळेच विचारतात. त्याबरोबर हेही विचारावे. त्या गावात पोट भरायचे धंदे किती, एकच की अनेक? पहिली नोकरी गेली तर दुसरी बसच्या अंतरावर आहे का? घेतलेले घर विकून दुसरीकडे जाता येईल का, आणि ते किती वर्षांनी? अट असेल तर ती कधी संपते? सणाच्या दिवशी, आजारपणात, मयताला धावून येतील अशी आपली दहा घरे जवळ आहेत का, आणि नसतील तर ती जमण्याची शक्यता किती?

शेवटचा प्रश्न भावनिक वाटेल, पण बेने इस्रायलांच्या बाबतीत तोच सर्वांत व्यवहारी ठरला. वाळवंट, रोजंदारी, काळा पाव, रब्बींची चौकशी यांतून ते निभावले ते जिथे त्यांची दहा घरे जमली तिथे. बीरशेबातून धरण्याला आलेल्यांची तीच गरज होती. मुंबईला परत पाठवा, असे म्हणताना ते सॅम्युअल स्ट्रीटवरची ती दहा घरेच मागत होते.